पायाची न भरणारी जखम आणि शिकलेला हात



पवित्र गुरुवारच्या मिस्सामध्ये प्रभू येशूच्या आज्ञेप्रमाणे आम्ही दरवर्षी बारा जणांचे पाय धुतो. काही वर्षांपूर्वी त्या बारा जणांत बसलेल्या एका आजोबांनी उजवा पाय पुढे केला आणि डावा पाय धोतराखाली ओढून घेतला. उपासना संपल्यावर आम्ही त्यांना थांबवून घेतले. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूस तळहाताएवढी जखम होती. ती सहा वर्षे तशीच होती. वास येतो म्हणून ते चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसत आणि नातवंडांना जवळ घेत नसत. "देवानं दिलंय फादर, सोसायचं," एवढेच ते म्हणाले.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेऊन बेळगावात नोकरी करते. ती दर आठवड्याच्या सुटीला घरी येत असे. तिने आजोबांचा पाय नीट तपासला, डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची पट्टी बांधली. दर आठवड्याला ती पट्टी बदलत गेली. पाच महिन्यांत सहा वर्षांची जखम बुजली. सारे गाव आश्चर्य करू लागले.

यानंतरची गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे. दुसऱ्या एका वाडीत चाळिशीचा एक शेतकरी पायाच्या अंगठ्याच्या जखमेने बेजार होता. रात्री झोप नसे. खाटेवरून पाय खाली सोडून तो बसून राही. आजोबांचा पाय बरा झालेला आम्ही पाहिलेलाच होता. आम्ही निपाणीच्या बाजारातून क्रेप बँडेज आणले, त्याच्या पत्नीला ते आवळून बांधायला सांगितले आणि पायाखाली उशी ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा संपल्यावर ती नर्स मुलगी आमच्याबरोबर त्यांच्या घरी आली. तिने पट्टी सोडली. बोटे काळीनिळी पडली होती. तिने पायाच्या पाठीवर दोन बोटे ठेवली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, "फादर, ही पट्टी बांधायला कुणी सांगितली?"

"आम्हीच," आम्ही म्हणालो.

त्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेले. दोन बोटे काढावी लागली, पाऊल वाचले. त्याच्या रक्तवाहिन्या पूर्वीपासूनच अरुंद झाल्या होत्या, असे डॉक्टरांनी सांगितले. पण जे थोडे रक्त पोचत होते तेही आमच्या पट्टीने अडवले होते. जी पट्टी एका पायाला औषध ठरली, तीच दुसऱ्याला घातक ठरली. हेतू दोन्ही ठिकाणी चांगलाच होता. फरक होता तो शिक्षणाचा. म्हणून या महिन्याच्या पानावर आम्ही हा पाठ देत आहोत. पायाच्या जुन्या जखमेची शुश्रूषा करण्यासाठी नर्सला काय शिकावे लागते आणि त्यातले घरच्या माणसांनी किती जाणावे, ते पाहू.

जखम वर, कारण आत

आपण जखम दिसली की मलमाचा विचार करतो. कोणी हळद भरतो, कोणी चुना-तंबाखू, कोणी कंबरमोडीचा पाला, तर कोणी दुकानातली पावडर. परंतु पायाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरण्याच्या मार्गाला लागली नाही, तर आत काहीतरी कारण आहे असे समजावे. पीक पिवळे पडले म्हणून शेतकरी डोळे झाकून खत टाकीत नाही. पाणी साचले आहे काय, की पाणी पोचतच नाही, हे तो आधी पाहतो. पायाचेही तसेच आहे. ढोबळ मानाने अशा जखमा तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार, पाणथळ शेत. हृदयाकडून पायात उतरलेले रक्त नीलांवाटे वर चढते. पोटरीचे स्नायू चालताना ते वर ढकलतात आणि नीलांमधील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की रक्त घोट्याशी साचून राहते. शिरा फुगून गाठीगाठी दिसतात, संध्याकाळी पाय सुजतो, घोट्यावरची कातडी तपकिरी व कडक होते, खाज सुटते आणि एखाद्या लहानशा खरचटण्याची मोठी जखम बनते. ती बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूस असते, उथळ असते आणि तिच्यातून पाणी फार येते. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया, दिवसभर उभे राहून काम करणारे लोक आणि पूर्वी पायात रक्ताची गाठ झालेले रुग्ण यांच्यात हा प्रकार आढळतो. आजोबांची जखम हीच होती. अशा पायाला योग्य दाबाची पट्टी हाच मुख्य उपचार होय. शेतात चर काढून साचलेले पाणी वाहते करावे, तसे पट्टी करते.

दुसरा प्रकार, कालव्याच्या टोकाचे शेत. येथे रक्त खाली पोचतच नाही, कारण रोहिण्या अरुंद झालेल्या असतात. पाऊल गार लागते, कातडी पातळ व चकचकीत होते, केस झडतात. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबले की जातो. पुढे रात्री निजल्यावर कळ येते आणि पाय खाली सोडला की थोडे बरे वाटते. जखम बोटांच्या टोकांवर, टाचेवर किंवा पावलाच्या कडेला असते, खोल असते आणि फार दुखते. येथे आवळलेली पट्टी म्हणजे टोकाच्या शेताकडे जाणारी उरलीसुरली चारीही बंद करणे होय. अशा रुग्णाला विनाविलंब रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागते.

तिसरा प्रकार, राखणदार झोपलेले शेत. वेदना ही शरीराची राखणदार आहे. जुना मधुमेह किंवा कुष्ठरोग झाला की पावलाच्या नसा बधिर होतात. काटा रुततो, चप्पल चावते, गरम पाण्याने कातडी भाजते, पण कळत नाही. माणूस जखमेवर चालतच राहतो. ही जखम तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, घट्ट्याखाली असते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती धोक्याची.

एकाच पायात दोन प्रकार एकत्र असू शकतात. मधुमेह आणि अरुंद रोहिणी ही जोडी तर नेहमीची. शिवाय वर्षानुवर्षे न भरलेल्या, कडा उचलून आलेल्या जखमेत क्वचित कर्करोगही होतो. तेव्हा डॉक्टर तुकडा काढून तपासतात. त्याला घाबरून नकार देऊ नये.

नर्सला काय शिकावे लागते

पहिला धडा म्हणजे पट्टीला हात लावण्याआधी विचारणे आणि पाहणे. जखम कधीची, कशाने झाली, रात्री दुखते की दिवसा, पाय वर घेतल्यावर बरे वाटते की खाली सोडल्यावर, विडी-तंबाखू आहे काय, साखर तपासली आहे काय. मग दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहावयाचे. जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवावयाची. म्हणजे महिन्याने ती घटली की वाढली, हे अंदाजावर राहत नाही.

दुसरा धडा नाडीचा. पावलाच्या पाठीवर एक आणि आतल्या घोट्याच्या मागे एक, अशा दोन नाड्या बोटांनी चाचपाव्या लागतात. सुजलेल्या पायात त्या लागत नाहीत. त्यासाठी डॉपलर नावाचे हातात मावणारे लहान यंत्र असते. त्यात रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकू येतो. दंडाचा रक्तदाब आणि घोट्याचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. समजा दंडाचा वरचा दाब १२० आणि घोट्याचा १०८ आला, तर उत्तर ०.९ येते. हे ठीक होय. ०.८ च्या खाली उत्तर आले तर पूर्ण दाबाची पट्टी बांधू नये. घोट्याचा दाब ६० म्हणजे उत्तर ०.५ आले, तर पट्टीचा विचार सोडून तज्ज्ञाकडे जावे. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा खोटाच मोठा येऊ शकतो, हेही नर्सला शिकवले जाते. आम्ही ज्या दिवशी ते बँडेज विकत घेतले, त्या दिवशी यातले एकही अक्षर आम्हांस ठाऊक नव्हते.

तिसरा धडा बधिरपणाचा. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्याच्या ठरावीक जागी टेकवतात. रुग्णाने डोळे मिटून कळले की सांगावयाचे. ज्या जागी कळत नाही तेथे उद्या जखम होऊ शकते. पाच मिनिटांच्या या तपासणीने पाऊल वाचते.

चौथा धडा पट्टीचा, आणि तो पुस्तकातून येत नाही. पाऊल पोटरीशी काटकोनात धरून, आधी कापसाचा मऊ थर देऊन, बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पट्टी न्यावयाची. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्या वेढ्यावर यावा आणि ताण सर्वत्र सारखा असावा. घोट्याशी दाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरइतका हवा आणि वर जाताना तो कमी होत जावा. शिकणाऱ्या नर्सेस एकमेकींच्या पायांवर पट्ट्या बांधून, पट्टीखालचा दाब यंत्राने मोजून हाताला सवय लावतात. पेरणीची मूठ जशी हाताला कळते, तसा हा ताण हाताला कळावा लागतो.

पाचवा धडा जखम धुण्याचा. जखम उन्हात वाळवावी, खपली धरू द्यावी, असे आपण मानतो. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर चढते. तेव्हा स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने हलकेच धुऊन झाकून ठेवणे बरे. रोज स्पिरिट किंवा जळजळीत औषधे ओतल्याने नवी कोवळी कातडीच मरते.

हे शिक्षण कुठून आले

लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांच्या पट्टीची पद्धत तयार झाली. १९८८ साली तेथील डॉक्टरांनी लिहिले की अनेक दिवस हट्टाने न भरलेल्या नीलांच्या जखमांपैकी चारांतल्या सुमारे तीन बारा आठवड्यांत भरल्या. पुढे वस्त्यांमधून खास दवाखाने निघाले आणि तेथे तपासणीपासून पट्टीपर्यंतचे काम शिकलेल्या नर्सेस पाहू लागल्या. औषध महाग नव्हते. शिकलेला हात आणि ठरलेला दिवस, एवढ्यावर काम झाले.

बधिर पायाचे शिक्षण मात्र आपल्याच देशातून जगाला गेले. १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत मिशनरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी समज होता. वेदना नसल्यामुळे झालेल्या इजांनी बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. तळव्याच्या जखमेला प्लास्टरने विश्रांती दिली की ती भरते आणि मऊ रबराच्या तळाची चप्पल दिली की पुन्हा होत नाही, हे तेथे सिद्ध झाले. तेच ज्ञान आज जगभर मधुमेहाच्या पायासाठी वापरले जाते. याच वेल्लोरात डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली नर्सेसची शाळा सुरू केली होती. आपल्या जवळ मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरुग्णालयानेही अशा पायांची सेवा केली आहे.

येथे मोलोकाईच्या संत डेमियन यांची आठवण होते. १८७३ साली ते कुष्ठरुग्णांच्या बेटावर गेले. १८८४ च्या अखेरीस एकदा त्यांनी पाय कढत पाण्यात ठेवला. कातडीला फोड आले, पण वेदना झाली नाही. आपणही आता आपल्या रुग्णांपैकी एक झालो, हे त्यांना त्या न दुखणाऱ्या पायाने सांगितले. आज कुष्ठरोगावर गोळ्या आहेत आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. कातडीवर बधिर चट्टा दिसला तर लपवू नये. लवकर औषध घेतले तर नसा वाचतात.

तंबाखूविषयी दोन शब्द

आपल्या निपाणी भागात तंबाखू ही भाकरी आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात बळीही गेले, हे येथे कोण विसरेल? विड्या वळून कितीतरी आयाबहिणींनी मुलांना शाळेत घातले आहे. पीक घेणाऱ्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु ज्याच्या शेतात तंबाखू आहे त्याने सत्यही जाणावे. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर या डॉक्टरने एका रोगाचे सविस्तर वर्णन केले. तो बहुधा विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण व मध्यमवयीन पुरुषांना होतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात आणि बोटे सडू लागतात. आपल्या देशातील विडी ओढणाऱ्यांत हा रोग डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्याला थांबविणारा खरा उपाय. दिवसाला एकदोन विड्या चालू ठेवल्या तरी रोग पुढे सरकतो. वर सांगितलेल्या आमच्या शेतकरी बांधवाला हाच रोग होता. त्याने विडी सोडली आणि त्यानंतर त्याचे एकही बोट गेलेले नाही.

घरी काय करावे

१. रविवारी मिस्साहून आल्यावर घरातल्या माणसांनी एकमेकांचे पाय पाहावेत. तळवे आणि बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. मधुमेह असेल तर रोज पाहावे.

२. भातलावणीत किंवा उसाच्या फडात पाय कापला तर लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे. धनुर्वाताची सुई घ्यावी. शेण, राख, चुना, तंबाखू भरू नये.

३. घट्टे ब्लेडने कापू नयेत. बधिर पायाला गरम पाणी किंवा शेक देऊ नये. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवावा.

४. दाबाची पट्टी स्वतःच्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बांधू नये. नर्सने बांधलेल्या पट्टीखाली बोटे निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, कळ वाढली तर रात्र असली तरी पट्टी सोडावी आणि मग दवाखाना गाठावा.

५. नीलांची जखम आहे असे तपासून ठरले असेल तर बसताना पाय उंच ठेवावा, चालावे, घोटा वरखाली हलवावा. जखम भरल्यावरही दाबाचे मोजे वापरावेत, नाहीतर ती परत येते.

६. ताप, लाली वर चढणे, काळी पडलेली कातडी, अळ्या किंवा घाण वास दिसला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. अळ्यांवर रॉकेल किंवा फिनेल ओतू नये.

शेवटी विनंती

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्याने वाटेवर जखमी पडलेल्याच्या जखमा बांधल्या. परंतु तेवढ्यावर न थांबता त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले आणि पुढच्या देखभालीसाठी पैसेही दिले. आम्ही पहिला भाग केला आणि दुसरा विसरलो. दया करणाऱ्याने आपल्याला काय येत नाही, हेही ओळखावे आणि ज्याला येते त्याच्याकडे रुग्णाला पोचवावे.

आपल्या धर्मग्रामांतून पुष्कळ मुली आणि आता काही मुलगेही नर्सिंगला जातात. आईवडिलांनी त्यांना केवळ नोकरीसाठी म्हणून पाठवू नये. नर्स झालेल्या बहिणींना आमची विनंती की वॉर्डात जुनी जखम दिसली तर ड्रेसिंग उरकून पुढे जाऊ नका. नाडी चाचपा, मोजा, लिहा, वरिष्ठांकडून पट्टी शिकून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने नर्सेसना जखमांच्या शुश्रूषेचे वेगळे शिक्षण दिले आहे. संधी मिळाली तर असे शिक्षण घ्या. धर्मग्रामाच्या सणाच्या खर्चातून काही शिल्लक राहिली, तर गावातील नर्ससाठी एक डॉपलर यंत्र घ्यावे, असा विचार आम्ही सभेपुढे ठेवणार आहोत.

ज्यांच्या घरी कोणी पाय लपवून मागच्या बाकावर बसत असेल, त्यांनी आम्हांस येऊन सांगावे. आम्ही पट्टी बांधणार नाही. आम्ही त्यांना शिकलेल्या हाताकडे घेऊन जाऊ.